हलका, स्वस्त रेनकोट : माप कसे घ्यावे, तो कुठे फाटतो आणि दोन-तीन पावसाळे कसा टिकवावा

हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरच्या बाजूने चढताना तोलार खिंडीच्या वर कातळाचा जो टप्पा लागतो, तिथे आधारासाठी लोखंडी रेलिंग आहे. एका जुलैत त्या रेलिंगला धरण्यासाठी मी उजवा हात वर केला आणि रेनकोटची काखेतली शिवण वीतभर उसवली. कोट त्याच महिन्यात घेतलेला होता आणि तोवरच्या पावसात त्यातून थेंबही आत आला नव्हता. पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यांनी खांद्यावरचे कापड जागच्या जागी दाबून धरले होते आणि हात डोक्याच्या वर नेण्यासाठी काखेत जेवढे कापड मोकळे असावे लागते तेवढे त्या कोटात नव्हते, कारण मी तो दुकानात सॅकशिवाय, हात खाली सोडून, आरशासमोर उभा राहून घेतला होता.

त्यानंतर मी स्वतःचे आणि सोबत्यांचे फाटलेले रेनकोट लक्ष देऊन पाहू लागलो. काख, पाठीचा मध्य, पँटची मधली शिवण आणि खांद्यावरचा पट्ट्यांखालचा भाग, बहुतेक कोट याच चार जागी जातात. यांपैकी पहिल्या तीन जागा माप चुकल्याने फाटतात आणि चौथी घासल्याने जाते. हलक्या आणि स्वस्त रेनकोटच्या बाबतीत माप आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे लक्षात घेऊन खरेदी केली तर हजार-बाराशे रुपयांचा कोटही दोन-तीन पावसाळे साथ देतो. पुढची माहिती सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकसाठी आहे; हिमालयाचा विचार जिथे वेगळा करावा लागतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

आधी अपेक्षा नक्की करा

जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर चालताना कोणताही रेनकोट माणसाला कोरडा ठेवत नाही. ‘श्वास घेणारे’ म्हणून विकले जाणारे कापड आतली वाफ बाहेर सोडते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील (हवेतल्या वाफेच्या दाबातील) फरकाच्या जोरावर. घामाने ओल्या, साधारण ३३ अंश सेल्सिअसच्या त्वचेलगत हा दाब सुमारे ५० हेक्टोपास्कल (दाब मोजण्याचे एकक) असतो. बाहेर १० अंशांची थंड हवा असेल तर ती पूर्ण दमट असली तरी तिचा बाष्पदाब १२ च्या आसपास राहतो आणि वाफेला बाहेर पडायला भरपूर उतार मिळतो. आपल्याकडे मात्र बाहेर २४ अंशांची, धुक्याने भरलेली हवा असते आणि तिचा दाब ३० च्या जवळ असतो. म्हणजे उतार जवळपास निम्मा होतो. त्यातच वरचे कापड पावसाने चिंब झाले की वाफेची वाट आणखी अडते. म्हणून सह्याद्रीपुरता महागडा ‘श्वास घेणारा’ कोट घेण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्याऐवजी गळ्यापासून खालपर्यंत उघडणारी चेन, काखेतली जाळी किंवा झडप आणि खालून वारा आत येईल असा सैल घेर यांवर लक्ष द्यावे.

मग रेनकोट कशासाठी घालायचा? वाऱ्यासाठी. ओले अंग आणि डोंगरमाथ्यावरचा वारा एकत्र आले की उष्णता झपाट्याने जाते. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पायथ्यापेक्षा पाच-सहा अंश कमी तापमान असते आणि वर वारा अखंड वाहत असतो. घामाने ओला झालेला माणूस तिथे दहा मिनिटे थांबला तरी कुडकुडू लागतो. आत थोडे ओले पण उबदार राहणे एवढे काम कोटाने केले तरी पुष्कळ झाले, आणि हे काम स्वस्त कोट उत्तम करतो, फक्त तो जागच्या जागी राहिला पाहिजे आणि फाटता कामा नये.

भातलावणीच्या वेळी मावळात आणि कोकणात डोक्यावरून पाठीवर घेतले जाणारे इरले हेच तत्त्व पाळत आले आहे. वाकलेल्या माणसाची पाठ झाकायची, पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवायची आणि कुठेही अंगाला ताण द्यायचा नाही, अशी त्याची रचना असते. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्याने चालून गेल्या, तेव्हा तीन हजार किलोमीटरहून लांब अशा त्या वाटेवर पावसासाठी त्यांच्याजवळ न्हाणीघरात लावायचा प्लास्टिकचा पडदा होता. ज्याला शिवणच नाही त्याची शिवण उसवत नाही. बाह्या असलेला कोट घेणाऱ्याने मात्र शिवणींचा विचार करायलाच हवा.

कापड हाताने ओळखा

दुकानातल्या लेबलावर विसंबू नका, कापड बोटांत धरा. दुधाळ, मऊ आणि वास नसलेले प्लास्टिक बहुधा ईव्हीए असते. त्याचा कोट साधारण दोनशे-अडीचशे ग्रॅमचा असतो, पाणी तो अजिबात आत येऊ देत नाही, पण एकदा त्याला छेद गेला की ताण पडताच तो सरळ रेषेत फाटत जातो. उग्र वासाचे जड प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. दुचाकीवर वापरायचे जोडकोट बहुधा याच प्रकारचे किंवा याचा लेप दिलेले असतात आणि पँटसह त्यांचे वजन किलोच्या घरात जाते. ते मजबूत असतात, पण चढावर माणूस त्यात उकडून निघतो.

हाताला कागदासारखे लागणारे, दवाखान्यातल्या मास्कसारखे दिसणारे कापड म्हणजे विणलेले नसलेले पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या थरांमध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या वाटांवर लोकप्रिय असलेले फ्रॉग टॉग्ज या कंपनीचे हलके कोट याच जातीचे. कोट दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा, स्वस्तात खरोखर वाफ सोडणारा, पण घासण्यापुढे अगदी दुबळा. करवंदीच्या जाळीतून एकदा गेले तरी त्याला भोके पडतात. मोकळ्या पठारावरच्या चालीसाठी तो चांगला आहे, आपल्या रानवाटांसाठी मी तो सुचवणार नाही.

चौथा प्रकार आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) लेप दिलेल्या नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. आतली बाजू किंचित चमकते आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली दिसते. वजन अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. सह्याद्रीसाठी हाच प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो. यातही पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, तर नायलॉन थोडे शोषते आणि ओले झाल्यावर किंचित सैलावते. उलट त्याच जाडीचे नायलॉन घासण्याला अधिक टिकते. पाचवा प्रकार सिलिकॉनचा लेप दिलेल्या कापडाचा. ते दोन्ही बाजूंनी बुळबुळीत लागते. त्याच्या शिवणींवर नेहमीची पट्टी चिकटत नाही, त्यामुळे शिवणी आपल्यालाच बुजवाव्या लागतात.

लेबलावर ‘डेनियर’ हा आकडा असेल तर तो धाग्याची जाडी सांगतो : ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. झाडीतून जाणाऱ्या वाटांसाठी ४० डेनियरच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे, मग पन्नास ग्रॅम वजन वाढले तरी चालेल.

दुसरा आकडा मिलिमीटरमधला असतो आणि पाण्याचा किती उंच स्तंभ ते कापड गळल्याशिवाय पेलते ते तो सांगतो. ५,००० किंवा १०,००० हे आकडे पाहून भारावून जाण्याआधी एक ढोबळ हिशेब करून पाहावा. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे १०,००० मिलिमीटरचा स्तंभ. दहा किलोची सॅक दोन पट्ट्यांवर पेलली आणि प्रत्येक पट्टी सहा सेंटिमीटर रुंद, वीस सेंटिमीटर लांब भागावर टेकली, तर दाब सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास येतो. पट्टीच्या कडेला तो याच्या दुप्पट-तिप्पट धरू. म्हणजे वरच्या अंगाच्या कोटाला २,००० मिलिमीटरही पुरतात. ओल्या कातळावर गुडघे टेकल्यावर मात्र सगळे वजन काही चौरस सेंटिमीटरवर येते आणि दाब ५,००० च्या पुढे सहज जातो. कोट गळतो तो बहुधा कापडातून नव्हे, शिवणीतून, चेनमधून आणि गळ्यातून.

माप घेण्याची पद्धत

दुकानात जाताना आपली सॅक सात-आठ किलो वजन भरून बरोबर न्यावी आणि ट्रेकला घालतो तोच पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून जावे. मुक्कामाच्या ट्रेकसाठी कोट घेत असाल तर पातळ फ्लीसही (लोकरीसारखे उबदार जाकीट) आत असू द्या. दुकानदार थोडा वेळ आश्चर्याने पाहतो, नंतर मदत करतो.

घरून टेपने दोन मापे लिहून न्यावीत. पहिले छातीचा घेर, टी-शर्टवरून. कोटाचा घेर यापेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त हवा. कोट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजले आणि दुप्पट केले की तो मिळतो. दुसरे माप हाताचे. कोपर वाकवून, मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून आणि कोपरावरून मनगटापर्यंत टेप न्यावी आणि त्यात चार-पाच सेंटिमीटर मिळवावेत. स्त्रियांसाठी नितंबांचा घेर हे तिसरे माप आवश्यक आहे. बाजारातले बहुतेक स्वस्त कोट पुरुषांच्या बांध्यावर बेतलेले असतात, छातीला बरोबर बसणारा कोट खाली घट्ट होतो आणि पायरी चढताना चेनच्या खालच्या टोकाशी ताण येऊन तिथली शिवण उघडते. अशा वेळी एक माप मोठे घेण्यापेक्षा बाजूला चीर असलेला किंवा खालूनही उघडणाऱ्या चेनचा कोट शोधावा.

आता कोट घालून, चेन लावून, सॅक चढवून, छातीचा आणि कमरेचा पट्टा आवळून पुढच्या हालचाली याच क्रमाने कराव्यात. प्रथम दोन्ही हात सरळ वर न्यावेत, रेलिंग धरल्यासारखे. बाही मनगटाच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त सरकू नये, आणि काखेत कापड ताणून पांढरट पडू नये. माझी फसगत इथेच झाली होती. मग उजवा तळवा डाव्या खांद्यावर आणि डावा उजव्या खांद्यावर ठेवून पुढे वाकावे. पाठीच्या मध्यावर आडव्या सुरकुत्या ताणून उभ्या राहिल्या तर कोट लहान आहे. त्यानंतर एक पाय खुर्चीवर ठेवून चढावे. कोटाची खालची कड मांडीला अडकता कामा नये, तरी उभे राहिल्यावर ती नितंबांच्या खाली चार बोटे आलीच पाहिजे, नाहीतर पाठीवरून ओघळणारे पाणी थेट पँटच्या कमरेत उतरते.

शेवटी टोपी. टोपीची नाडी आवळून मान दोन्हीकडे वळवावी. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे. ती जागीच राहिली आणि डोळ्यासमोर कापड आले तर निसरड्या वाटेवर बाजूचा पाय कुठे पडतो ते दिसत नाही. स्वस्त कोटांच्या टोप्या इथेच हमखास कमी पडतात. आत कडक झडपेची साधी क्रिकेटची टोपी घातली की बऱ्याच जणींची आणि जणांची ही अडचण सुटते, पाऊसही डोळ्यांत येत नाही.

फार मोठा कोटही टिकत नाही. घेर शरीरापेक्षा तीस-पस्तीस सेंटिमीटरने जास्त झाला की जादा कापडाच्या घड्या सॅकच्या पट्ट्याखाली गोळा होतात आणि त्या घडीच्या कडेवर लेप सगळ्यात आधी झिजतो. वाऱ्यात तो फडफडतो, करवंदीत आणि घाणेरीत अडकतो. ‘दोन मापे मोठा घ्या, आत सॅकही मावेल’ हा सल्ला अनेक दुकानांत मिळतो. तो मानू नये. सॅकसकट झाकायचे असेल तर पोंचो (डोक्यातून घालायचा, बाह्या नसलेला सैल रेनकोट) घ्यावा, पण कडेकपारीच्या आणि उघड्या धारेवरच्या वाटांवर तो नको. वाऱ्याने तो तोंडावर येतो आणि उतरताना पायाखालची पायरी झाकून टाकतो.

रेनपँटबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दिवसभराच्या सह्याद्री ट्रेकला ती नेऊ नये. लवकर वाळणारी साधी पँट भिजू द्यावी. मुक्काम माथ्यावर असेल, तर ती तिथे पोहोचल्यावर घालण्यासाठी सॅकमध्ये असावी. चालताना घातलेली स्वस्त रेनपँट पहिल्याच उंच पायरीला मधल्या शिवणीत उसवते, आणि निसरड्या उतारावर बसून घसरत उतरण्याची सवय असलेल्यांची तर कातळावर घासून एका दिवसात चाळण होते.

ट्रेकच्या आधी घरी

नवा कोट आणल्यावर आत फिकट करड्या रंगाचा सुती टी-शर्ट घालून न्हाणीघरातल्या शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहावे. हात वर-खाली करावेत, खांद्यांवर शॉवर धरावा. करड्या सुतावर ओलाव्याचा डाग लगेच गडद दिसतो आणि कोट नेमका कुठून गळतो ते कळते. गळ्याभोवतीचा ओलावा टोपीच्या मापामुळे असतो, खांद्यावरची रेघ शिवणीमुळे. मग कोट वाळवून, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरून शिवणींवरून फिरवावा. पट्टी जिथे सुटली आहे तिथे सुईच्या भोकांतून प्रकाशाचे बिंदू ओळीने दिसतात.

पीयू लेपाच्या कोटात अशा जागी शिवण बुजवायचे द्रावण आतून लावावे. सिलिकॉन लेपावर दुसरे काहीही चिकटत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले पारदर्शक सिलिकॉन सीलंट थोड्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने शिवणीवर लावावे आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावे. हे काम हवेशीर जागी करावे.

याच वेळी दोन्ही काखांत, जिथे बाहीची आणि बाजूची शिवण मिळते, तिथे आतून दुरुस्तीच्या चिकट पट्टीचा तळहाताएवढा तुकडा कोपरे गोल कापून लावावा. चौकोनी कोपरा आधी सुटतो. पहिल्या ट्रेकपूर्वी केलेले हे दहा मिनिटांचे काम नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा मोलाचे आहे.

वाटेवर

खांद्यावर घासणे थांबवण्यासाठी सॅकच्या पट्ट्यांची आतली बाजू तपासा. खरखरीत जाळी, वेल्क्रोचा उघडा काटेरी भाग किंवा वाळलेला चिखल असेल तर तो सॅन्डपेपरचे काम करतो. पट्टे घट्ट आवळलेले असावेत. सैल सॅक प्रत्येक पावलाला एक-दोन सेंटिमीटर सरकते आणि दिवसभरात हजारो वेळा तीच जागा घासते. कारवीच्या आणि करवंदीच्या दाट पट्ट्यातून जाताना पाऊस कमी असेल तर कोट काढून ठेवावा. कमी नसेल तर मी कोटावरून एक जुना पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतो. तो भिजतो, काटे खातो आणि आतला कोट वाचतो. त्याचे वजन दीडशे ग्रॅम असते आणि मुक्कामी पिळून वाळत टाकता येते.

चढ सुरू होण्यापूर्वी चेन छातीपर्यंत उघडावी, आणि माथ्यावर पोहोचण्याच्या पाच मिनिटे आधी बंद करावी. वारा लागल्यावर बंद करायला गेले की उशीर झालेला असतो. गुहेत किंवा गावातल्या घरात चुलीजवळ कोट अंगावर ठेवून बसू नये. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या सुमारास वितळते आणि एका ठिणगीने हरभऱ्याएवढे भोक पडते.

हिमालयात हिशेब बदलतो. चार-पाच अंश तापमानात भिजणे धोक्याचे असते, वाफेला बाहेर पडायला उतारही चांगला मिळतो, त्यामुळे तिथे शिवणींना पट्टी असलेला पीयू लेपाचा कोट आणि रेनपँट दोन्ही हवेत, आणि आत दोन थर मावतील म्हणून छातीला आणखी पाच-सात सेंटिमीटर मोकळीक धरावी. ईव्हीएचा कोट छेद गेला की फाटत जातो, त्या एकट्याच्या भरवशावर तिथे जाऊ नये.

परत आल्यावर

घाम, तेल आणि चिखल लेपाचे मोठे शत्रू आहेत. त्याच संध्याकाळी कोट साध्या पाण्याने, गळ्याजवळ आणि मनगटाजवळ सौम्य साबणाने धुवावा. कापड मऊ करणारे द्रव्य अजिबात घालू नये. त्याने बाहेरच्या बाजूचा पाणी झटकणारा गुण जातो. हल्ली हा गुण देण्यासाठी फ्लोरिनविरहित प्रक्रिया वापरली जाते. ती तेलकटपणा झटकत नाही, म्हणून धुणे अधिक नियमित हवे. पिळू नये. सावलीत, पंख्याखाली, आधी आतली बाजू वर करून आणि मग उलटून वाळवावा. पावसाळ्यात ‘वाळला’ असे वाटल्यावरही शिवणींत ओल राहते आणि आठवड्यात काळे ठिपके धरतात.

पीयूचा लेप ओलाव्यात आणि उष्णतेत हळूहळू विघटित होतो. आतून चिकटपणा जाणवू लागला, आंबूस वास येऊ लागला आणि लेपाच्या पापड्या हाताला लागल्या, तर त्या कोटावर आणखी खर्च करू नये. म्हणूनच छोट्या थैलीत कोंबून, पुढच्या जूनपर्यंत कपाटाच्या तळाशी ठेवणे चुकीचे आहे. हँगरला सैल टांगावा. ईव्हीएचा कोट दर वेळी त्याच रेषेवर घडी न घालता गुंडाळून ठेवावा, कारण त्या प्लास्टिकला चीर बहुधा घडीवर जाते.

भोक पडल्यास सुई-दोरा हाती घेऊ नये. प्रत्येक टाका नवे भोक असतो. जागा स्पिरिटने पुसून, कोरडी करून, दोन्ही बाजूंनी पट्टी लावावी. ईव्हीए आणि पीव्हीसीला रुंद पारदर्शक टेप चालते, कागदी पोताच्या कोटाला डक्ट टेप घट्ट धरते, आणि त्यावर इस्त्री कधीही फिरवू नये. शिवण उसवली असेल तर ती आधी शिवावीच लागते, पण टाके मूळ भोकांतूनच घ्यावेत आणि वरून पट्टी द्यावी. माझ्या काखेतली ती वीतभर शिवण मी याच पद्धतीने दुरुस्त केली. तो कोट माझ्या मापाचा नसल्याने धाकट्या भावाला दिला; त्याची छाती माझ्यापेक्षा आठ सेंटिमीटरने कमी आहे, आणि त्याच्या अंगावर तो पुढे तीन पावसाळे टिकला.